आत्मिक वाढ कशी दाखवावी: नव्या पाळकांसाठी मार्गदर्शिका



दीक्षा झाली, मनापासून अभिनंदन. नवा झगा कडक इस्त्रीचा आहे, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला त्या क्षणाचा फोटो फ्रेम होऊन दर्शनी भिंतीवर लागला आहे, आणि सासरचे लोक तुम्हांला नावाने हाक मारायचे बंद झाले आहेत. सेमिनरीत तुम्ही ग्रीक शिकलात, हिब्रू शिकलात, मंडळीचा इतिहास पाठ केलात आणि सेरामपूरची बी.डी. पदरात पाडून घेतलीत. (हे सेरामपूर म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हे घरच्यांना एकदा नीट सांगा. ते बंगालमधलं. तिथल्या कॉलेजला 1827 साली डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली, म्हणून राहुरीचा पोरगा आज बी.डी. होतो.) एवढं सगळं शिकवलं, पण नेत्याने स्वतः आत्म्यात कसं वाढावं हे कुणी शिकवलं नाही. शिकवलं असेलच तर तो तास जेवणाच्या सुट्टीआधीचा असणार आणि तुमचं लक्ष मेसकडे असणार.

ती उणीव भरून काढण्यासाठी हा खटाटोप. लिहिणारा कुणी धर्मपंडित नाही. कमिटीत बसून ज्याने बरेच पाळक येताना आणि बदलून जाताना पाहिले, मंडळीचे हिशेब लिहिले, निरोपसमारंभाचे हार आणले, असा एक पंच आहे. पाळकाच्या आत काय वाढलं नि काय खुंटलं हे आम्हां पंचांना कळत नाही. ते खातं देवाकडे. आम्हांला दिसतं ते बाहेरचं. तेव्हा वाढ बाहेरून व्यवस्थित दिसावी म्हणून काय काय करावं लागतं, ते मात्र आम्ही अधिकाराने सांगू शकतो.

कायम घाईत असा

सुरुवात इथून. पाळक रिकामा दिसला की लोकांच्या मनात शंका येते. म्हणून फोन उचलताना आधी दोन सेकंद धापा टाकाव्यात. मग म्हणावं, "एका अंत्यविधीतून निघालोय, पुढे साखरपुडा आहे, बोला." डायरी मोठी ठेवावी आणि ती उघडून समोरच्याला दिसेल अशी धरावी. सोमवार हा पाळकाचा सुट्टीचा दिवस असतो असं सेमिनरीत सांगतात. मंडळीत तसं काही नसतं. सोमवारी बारसं असतं.

आता अडचण अशी की पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याला फारशी साथ देत नाही. मार्काच्या पहिल्याच अध्यायात पाहा. कफर्णहूमला संध्याकाळी सगळं गाव दारात लोटलंय, आजारी माणसं बरी होताहेत, सेवेला असा जोर आलेला की कुठल्याही पाळकाने तिथेच मंडप टाकला असता. आणि येशू पहाटे, अजून अंधार असताना, कुणाला न सांगता उठून एकांतात प्रार्थनेला निघून जातो. शिमोन आणि बाकीचे शोधत शोधत येतात, सगळे तुम्हांला शोधताहेत म्हणतात. त्यावर तो परत फिरायचं सोडून शेजारच्या गावांकडे निघतो. आमच्या कमिटीचा सेक्रेटरी तिथे असता तर त्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस निघाली असती.

मोशेचंही तसंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे एकटाच सोडवत बसायचा. सासरा इथ्रो भेटायला आला, दिवसभर बघत बसला आणि म्हणाला की अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि मोठं तेवढं तुझ्याकडे ठेव. मोशेने चक्क सासऱ्याचं ऐकलं! तुम्ही ऐकू नका. दहा माणसांवर दुसरा कुणी नेमलात तर ती दहा माणसं पुढच्या नाताळात आधी त्याच्या घरी फराळाला जातील.

प्रार्थना

प्रार्थना दोन प्रकारची: ऐकू जाणारी आणि न जाणारी. दुसरीला साक्षीदार नसतो, म्हणून नवशिक्याने तिच्यात वेळ घालवू नये.

ऐकू जाणाऱ्या प्रार्थनेत आवाज हळू सुरू करून टप्प्याटप्प्याने चढवावा आणि शेवटी खाली आणावा, म्हणजे मागच्या बाकावरच्यांना उठून उभं राहायची वेळ कळते. ती लांबत असेल तर लांबू द्यावी. त्यात सूचनाही उरकून घेता येतात. "हे दयाळू पित्या, तू जाणतोस की येत्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघाची सभा आहे, ती बरोब्बर साडेअकराला सुरू होणार आहे, आणि मागच्या सभेला जे आले नाहीत त्यांनाही तू नावानिशी ओळखतोस." यात देवाला नवी माहिती काही मिळत नाही, पण मागच्या सभेला न आलेल्यांना मिळते. कुणाशी मतभेद झालेला असेल तर त्याच्यासाठी जाहीरपणे, नाव न घेता, "एका कठोर झालेल्या अंतःकरणासाठी" प्रार्थना करावी. अख्खी मंडळी वळून त्याच्याकडे बघते. प्रार्थनेला उलट उत्तर देता येत नाही, ही तिची मोठी सोय आहे.

उपास करायचा तर दुसऱ्याच्या घरी करावा. आपल्या घरी उपास केला तर तो फक्त पाळकीणबाईंना कळतो, आणि त्यांना स्वयंपाक वाचल्याचा आनंद होतो. दुसऱ्याच्या घरी बशीत चिवडा येतो, लाडू येतो, मग हात जोडून म्हणावं, "नको बाई, आज जरा..." आणि वाक्य तिथेच सोडावं. पुढचं बाई स्वतःच समजतात आणि संध्याकाळपर्यंत कंपाउंडभर सांगतात. उपासाच्या दिवशी तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून हिंडा म्हणजे कुणाला कळणार नाही, असा मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूचा सल्ला आहे. त्या अध्यायावर प्रवचन जरूर द्यावं.

प्रवचन, आणि त्यातला धोका

हा धडा लांबणार आहे, कारण इथे धोका खरा आहे.

प्रवचनाची तयारी शनिवारी रात्री अकरा वाजता सुरू करावी. एका हातात मोबाईल, समोर कोरा कागद, बाजूला पाळकीणबाईंनी ठेवलेला आणि गार झालेला चहा. यूट्यूबवर कुणा अमेरिकन पाळकाचा व्हिडिओ काढावा आणि भराभर मराठीत उतरवावा. त्याचा दृष्टांतही जसाच्या तसा घ्यावा. मी नेवाश्याजवळच्या एका मंडळीत बर्फाच्या वादळात सापडलेल्या ट्रकड्रायव्हरची गोष्ट ऐकली आहे. बाहेर मे महिना, वर पत्रा, समोर ऊसतोडीहून परतलेली माणसं पदराने नि टोपीने वारा घेताहेत, आणि पाळकसाहेब सांगताहेत की ड्रायव्हरच्या पापण्यांवर बर्फ साचला होता. एका आजोबांनी शेजारच्याला विचारलं, "आपल्यापैकी कुणाचा कोण होता तो?" कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट अभंगांतून, कीर्तनातून मराठी माणसाच्या कानी घातली, आणि आपण ती पुन्हा बर्फात नेऊन ठेवली. असो. मार्गदर्शिकेत असं मध्येच भरकटू नये.

तर मुद्दा धोक्याचा. प्रवचन देताना ते स्वतः ऐकू नये.

तुम्ही म्हणाल, स्वतःचं प्रवचन कोण ऐकतं? पण असं घडलेलं आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल परगण्यात बाल्ढू नावाच्या गावी विल्यम हॅस्लम नावाचे पाळक होते. शिकलेले, मेहनती, आपल्यासारखेच रीतसर दीक्षा घेतलेले. 1851 सालच्या एका रविवारी मनाची उलघाल चालू असतानाच ते व्यासपीठावर उभे राहिले, ख्रिस्ताविषयी तुमचं काय मत आहे या प्रश्नावर बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण जे सांगतोय ते आपल्याला स्वतःला कधी लागूच झालेलं नाही. ते तिथेच, लोकांच्या देखत लागू झालं. श्रोत्यांतला एक प्रचारक उठून ओरडला की पाळकाचाच पालट झाला! मंडळीत एकच गलका झाला. इतकी वर्षं ज्याच्या हातून आपण प्रभूभोजन घेतलं तो आज विश्वासात आला, हे ऐकून कमिटीवाल्यांना काय वाटलं असेल, ते मी पंच म्हणून समजू शकतो.

हॅस्लमनी पुढे हे सगळं पुस्तकात लिहिलं, आणि ते पुस्तक आपल्याकडे कुणाच्या हाती पडावं? पंडिता रमाबाईंच्या! रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला होता. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतून मदत येत होती, देशभर नाव होतं, विधवांचा आधार म्हणून लोक त्यांच्याकडे बघत होते. आणि या बाईंनी नंतर आपल्या साक्षीत सरळ लिहून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आणि आपली ही उणीव ध्यानात येण्यात हॅस्लमच्या त्या पुस्तकाचाही हात होता.

हिशेब करून बघा. 1883 अधिक आठ. म्हणजे शारदा सदनाची पहिली वर्षं, ज्यांच्यावर आपण अजून भाषणं करतो, ती त्या संस्थेच्या प्रमुखाने स्वतःच्या दृष्टीने अर्धवट अवस्थेत काढलेली होती. काम उभं होतं, मुली शिकत होत्या, अहवाल जात होते. बाहेरून कुणालाही काही कमी दिसलं नसतं. बाईंना दिसलं. आणि दिसल्यावर त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. देणगीदार काय म्हणतील, विश्वस्त काय म्हणतील, पुण्यातले टीकाकार तर टपूनच बसलेले. पण बाईंनी फिकीर केली नाही.

नवशिक्याने यातून बोध घ्यावा तो असा की अशा गोष्टी लिहून ठेवू नयेत. तुम्हांला कधी रात्री वाटलंच की आपण दुसऱ्यांना वाट दाखवतोय आणि स्वतः फाटकापाशीच उभे आहोत, तर ते वाटणं दाबावं आणि पुढच्या महिन्याचा सभेचा कार्यक्रम आखायला घ्यावा. कार्यक्रमाने असलं वाटणं हमखास जातं. रमाबाईंचं ते गेलं नाही, म्हणून पाहा पुढे काय काय झालं: 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, तिथे शेती, छापखाना, विणकाम सुरू झालं, आणि बाई उतारवयात हिब्रू नि ग्रीक घेऊन बसल्या. एकटीने अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर करायला. 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या तोवर ते काम चालू होतं. तुम्ही बी.डी.ला हिब्रू घेतलं होतंत ना? पहिली तीन अक्षरं आठवतात का बघा.

पदव्या

रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी संस्कृतची परीक्षा पाहून दिल्या होत्या. आता एवढं अडून बसत नाहीत. कुठल्याशा विद्यापीठाला ठरावीक रक्कम पाठवली की टोपी, झगा आणि डॉक्टरेट कुरियरने येते. आधी रेव्हरंड, मग रेव्हरंड डॉक्टर. स्वतंत्र मंडळी काढलीत तर बिशप, आणि फ्लेक्स पुरेसा लांब असेल तर अपॉसलसुद्धा होता येतं. पोप ग्रेगरीला 590 साली पद द्यायला निघाले तेव्हा तो लपून बसायला बघत होता. त्याबद्दल एका बिशपने बोल लावला, तर उत्तरादाखल त्याने पाळकाने कसं असावं, यावर पुस्तकच लिहिलं. त्याला बिचाऱ्याला पदासाठी गावोगाव हिंडून मतं मागायची पद्धत ठाऊक नव्हती.

नाथानाचा बंदोबस्त

प्रत्येक मंडळीत एक नाथान असतो. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे घालून मारवलं, तेव्हा अख्ख्या दरबारात तोंड उघडणारा तो एक. त्याने आधी गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि राजा त्या श्रीमंतावर संतापल्यावर म्हणाला की तो माणूस तूच.

तुमच्या मंडळीतला नाथान ओळखायला सोपा असतो. तो उपासनेला वेळेवर येतो, वर्गणी देतो, त्याला कुठलंच पद नको असतं, आणि वार्षिक सभेत तो एकच प्रश्न विचारतो. अशा माणसाशी भांडू नये. भांडलात तर लोक त्याचा प्रश्न लक्षात ठेवतात. त्याला सत्कार समितीचा अध्यक्ष करावं. दर महिन्याला शाल नि नारळ आणता आणता तो विचारायचं विसरतो. तेही नाही जमलं तर, "आपला भाऊ सध्या आत्मिक लढाईतून जातोय," एवढंच चार जणांना खासगीत सांगावं.

आपल्याभोवती माणसं निवडताना आमेन कितव्या सेकंदाला येतं ते बघावं. वाक्य संपायच्या आधी आलं तर उत्तम. अंत्युखियात पौलाने पेत्राला सगळ्यांच्या समोर तोंडावर सुनावलं आणि तरी मंडळी टिकली, हे खरं आहे. पण ते दोघे प्रेषित होते, आणि तिथे व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हता.

मिशन कंपाउंडच्या जागेविषयी कुणी प्रश्न काढला तर मात्र नाथानाची वाट न बघता ताबडतोब उभं राहून गीत सुरू करावं. पाच कडव्यांचं.

घर

या मार्गदर्शिकेतला सगळ्यात कडक नियम: पाळकाने बायकोच्या हाती लेखणी देऊ नये.

नारायण वामन टिळकांनी ही चूक केली. आज उपासनेत त्यांची गीतं आपण डोळे मिटून गातो. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने, सोवळंओवळं एकेक करून मनातून उतरवत. टिळकांनी त्यांना लिहायला-वाचायला उत्तेजन दिलं. परिणाम? टिळक 1919 साली गेले आणि 1934 पासून लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागली. त्यात टिळकांचा राग आहे, विसराळूपणा आहे, घरात पैसा टिकू न देण्याची खोड आहे, ऐन वेळी बायकोला तोंडघशी पाडणं आहे. एवढ्या मोठ्या भक्तकवीचं असं हसू! आणि गंमत म्हणजे वाचून झाल्यावर टिळक लहान वाटत नाहीत. ज्याच्या बायकोला त्याच्याविषयी खरं लिहायची भीती वाटली नाही, असा माणूस त्या पुस्तकातून उभा राहतो. ही परीक्षा कुठल्या सेमिनरीत घेत नाहीत, आणि घेतली तर आमच्या पाहण्यातले किती पाळक पास होतील, हे मी इथे लिहीत नाही. मला गावात राहायचं आहे.

पाळकीणबाईंची आत्मिक वाढ हा वेगळा विषय आहे आणि त्याला वेळ मिळत नाही. त्या शब्बाथशाळा घेतात, महिला मंडळ चालवतात, पेटीवाला आला नाही की पेटी वाजवतात, आणि बिशपसाहेब आले की तीस माणसांचं जेवण करतात. त्यांना मानधन नसतं. मुलांनी मात्र नमुनेदार असावं. पाळकाचा मुलगा सिनेमाला दिसला की पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अख्ख्या मंडळीला तोंडपाठ येतो.

थकवा

थकवा हा पाळकाचा दागिना. तो पुसू नये. रक्तदाबाची गोळी सगळ्यांसमोर घ्यावी.

इथेही शास्त्राची अडचण आहे. एलीयाने कर्मेल डोंगरावर केवढा पराक्रम केला, आणि दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवाने काय करावं? नेतृत्व विकास शिबिराला पाठवावं, लोणावळ्याला, गळ्यात ओळखपत्र घालून, पडद्यावर सात मुद्दे दाखवून. तसं काही झालं नाही. त्याला झोपू दिलं. मग उठवून भाकरी आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. त्याच्या विश्वासात काय कमी पडलं याची चौकशी त्या वेळी कुणी केली नाही.

आमचे एक जुने पाळक होते, त्यांच्याबरोबर मी घरभेटींना जायचो. त्यांची पद्धत पक्की: चप्पल काढायची, अर्धा कप चहा, एक स्तोत्र, प्रार्थना, घड्याळ, उठायचं. एकदा कंपाउंडच्या टोकाच्या खोलीत एक आजी अंथरुणाला खिळलेली होती, तिच्याकडे गेलो. सगळं रीतसर झालं. पाळक घड्याळ बघून उठायला लागले तर आजीने त्यांचं मनगट धरलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्यासाठी कोण करतं?" हे म्हणाले, प्रभूची कृपा आहे. ती म्हणाली, "ती असतेच. माणूस कोण करतं?" यांना उत्तर सुचेना. मग तिनेच डोळे मिटले आणि सुरू केलं: ह्यांच्या पायाला गोळे येतात ते जाऊ दे, पोरीची बारावी नीट होऊ दे, सेक्रेटरीला जरा अक्कल दे. सेक्रेटरी मी होतो. पाळकसाहेब खाली बसले ते बसलेच. चहावर साय धरली. पुढच्या दोन भेटी त्या दिवशी झाल्या नाहीत आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

नवशिक्यांनी अशा घरी जाताना सावध असावं.

पैसा

टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे यायची इच्छा असलेल्या कुणालाही तिथे जागा होती. हाती पगार नाही, कमिटी नाही, वय छप्पनच्या आसपास. हे उदाहरण नाताळच्या भाषणात सांगावं. महिना अखेरीस आठवू नये.

परिशिष्ट: मंडळीसाठी

शेवटी आपल्या माणसांशी दोन शब्द. पाळक एकटा कितीही झटला तरी त्याची वाढ पुरती थांबवणं त्याच्या एकट्याच्या हातात नसतं. त्याला मंडळीची साथ लागते, आणि ती आपण आजवर भरभरून दिली आहे. नव्या पाळकाने पहिल्या महिन्यात कुणाला मदतीला हाक मारली तर "यांना झेपत नाही" असं आपणच म्हटलं. शंका बोलून दाखवली तर "यांच्याच विश्वासाचा पत्ता नाही" असं म्हटलं. पुस्तकं घ्यायला पैसे मागितले तर गेट रंगवायचं निघालं. आठ दिवस एकांतात जातो म्हणाले तर विचारलं, "मग बुधवारची प्रार्थना कोण घेणार?" आपल्यापैकी कुणाला बुधवारची प्रार्थना घेता येत नाही, यात पाळकाचा काय दोष, हे कधी सभेपुढे आलं नाही. आपल्याला बाहेरून वाढलेला पाळक हवा होता; त्याने तसं होऊन दाखवलं.

हे वाचून झाल्यावर आपल्या पाळकसाहेबांना पाठवायचा मोह पुष्कळांना होईल. खुशाल पाठवा. पण त्याआधी कमिटीची वही उघडून त्यांचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत पोचलंय ते बघा, थकलं असेल तर चुकतं करा, आणि सोमवारी त्यांना फोन करू नका.